पट्ट्याची फेरी

आमचं ऑफिस ज्या इमारतीत आहे, तिच्या तळमजल्यावर मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. पुढे कापड बेतायचं लांब टेबल, त्याच्या शेजारी माणसाहून उंच आरसा, मागे तपकिरी पडदा आणि पडद्याआड एक खोली. खोलीत दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खिडकीच्या उजेडात बसलेले काजवाले काका. काका फक्त काजं करतात, तीही हाताने. मशीनवर काजं करणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. तोंड मात्र त्यांचं मशीनसारखं चालतं.

मास्तर कोट शिवतात. शर्ट शिवत नाहीत असं नाही, पण शर्टाचं कापड घेऊन आलेल्या माणसाकडे ते जरा कीव आल्यासारखे पाहतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खाली उतरतो, मास्तर चहा मागवतात, आणि मग तासभर नाही तरी अर्धा तास आम्ही जगाची मापं काढतो. हे गेली कित्येक वर्षं चालू आहे.

मास्तरांच्या कामाचा एक रिवाज आधी सांगायला हवा. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

कोट तयार झाला, गिऱ्हाइकाने अंगात घातला, हात वर-खाली केले आणि म्हणाला, "मास्तर, इथे जरा आवळतंय," की मास्तर पुन्हा टेप लावत. माप चुकलं असेल तर निमूट शिलाई उसवत. पण माप बरोबर असेल तर वाद घालत नसत. "काढून द्या, पाच मिनिटं बसा," म्हणत आणि कोट घेऊन पडद्याआड जात. आत गेल्यावर हळूच म्हणत, "काका, फेरी."

फेरी म्हणजे काय, तर कोट खुंटीवर टांगायचा. काकांनी इस्त्री उचलून टेबलावर दोनदा आपटायची, बाहेर ऐकू जाईल अशी. कात्री नुसतीच चालवायची. मग कोट उतरवून, झटकून, मास्तरांनी बाहेर आणायचा. "आता बघा."

गिऱ्हाईक पुन्हा हात वर-खाली करी आणि दहांतले नऊ जण म्हणत, "हां! आता कसं!"

"ही फसवणूक नाही का हो मास्तर?" मी एकदा विचारलं होतं.

"फसवणूक कसली साहेब? नवं कापड आणि माणूस यांची ओळख व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी मधे काढून देतो. माप बरोबर असल्यावर आवळेल कुठे? मनात. आणि मन उसवायची कात्री अजून निघालेली नाही."

"निघाली तर आधी मास्तरांवर चालवा," पडद्याआडून काका म्हणाले.

मास्तरांना एकच मुलगी. जन्मापासून इतकी बारीक की काकांनी तिचं नाव टाचणी ठेवलं, आणि ते शाळेतसुद्धा पोचलं. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, दिवसभर एका पाळणाघरात कामाला. त्यामुळे टाचणी दुकानातच वाढली. लहान असताना टेबलाखाली अस्तराच्या तुकड्यांवर झोपायची. पुढे शाळेतून आली की इस्त्रीच्या टेबलाच्या एका कडेला दप्तर उघडून बसायची. मला ती साहेबकाका म्हणते. बाप साहेब म्हणतो, म्हणून ती साहेबकाका. मी कुठला साहेब, वरच्या मजल्यावर हिशेब लिहिणारा माणूस. पण पोरीच्या तोंडी पदवी बरी वाटते.

तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे मास्तरांना सगळ्यांत आधी दिसलं. दिसणारच. दर वर्षी शाळेचा गणवेश तेच शिवत. पण त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शिंपी अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. खालच्या खांद्यात पातळसं पॅड घातलं. गणवेश अंगावर सरळ बसला. पुढच्या वर्षी पॅड थोडं जाड केलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी.

शेवटी शाळेच्या खेळाच्या बाईंनी एकदा तिला पोहण्याच्या कपड्यांत पाहिलं आणि वहिनींना बोलावून घेतलं. "हिची पाठ एकीकडे चाललीय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कणा टेबलावरून घसरलेल्या टेपसारखा दिसत होता. मुलगी वाढत्या वयाची, वाक वाढतच जाणार, ऑपरेशन करायला हवं, असं ते म्हणाले. ऑपरेशन झालं. कण्याला धातूच्या सळ्या आणि स्क्रू लावून तो सरळ केला. त्या काळात मास्तर दुकानात येत, टेबलावर कापड पसरत आणि तसंच घडी घालून ठेवत. "मी पॅड घालत बसलो, साहेब," एवढं एकदाच म्हणाले.

टाचणी घरी आली, हळूहळू उभी राहायला लागली, आणि मास्तरांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर तिचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी मला जिन्यातच गाठलं.

"साहेब, दोन्ही खांदे! एका सुताचा फरक नाही!"

मग त्यांनी पॅड नसलेला गणवेश शिवला. काकांनी त्याला काजं केली आणि जाहीर केलं की टाचणी आता वाकडी नाही, पण टोचायची थांबणार नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. यापुढचं मला आजही नीट कळलेलं नाही, तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुखेल, मग कमी होईल, मग थांबेल. जखम भरली. टाके गेले. व्रण फिका पडायला लागला. दुखणं मात्र गेलं नाही. पाठीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, तिला आतून कुणीतरी दोरा ओढल्यासारखं वाटायचं. कधी तिथे नुसतं कापड लागलं तरी ती दचकायची. वर्गात तास संपेपर्यंत बसवत नसे. आणि त्याचा काही नियम नव्हता. एके दिवशी मैत्रिणीबरोबर खिदळत जिना चढायची, दुसऱ्या दिवशी दप्तरसुद्धा उचलवत नसे.

हा नियम नसणंच मास्तरांना सोसेना.

"काल हसत होतीस ना?"

"काल हसत होते."

"मग आज काय झालं?"

"मला काय माहीत, बाबा?"

प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं होतं. मास्तरांच्या थोरल्या बहिणीने सांगितलं, आत एखादी पट्टी राहिली असणार, डॉक्टर कबूल करायचे नाहीत. शेजारच्या चष्मेवाल्याचं मत पडलं की शाळा चुकवायला पोरं काय वाटेल ते करतात, त्याला स्वतःला लहानपणी दर परीक्षेला कावीळ व्हायची. कुणी म्हणालं सळ्या थंडीत आखडतात. 

मास्तरांना वाटलं, कापडाचाच दोष असणार. कापड लागलं की दुखतं, मग कापड बदलू. त्यांनी मऊ, धुतलेलं सुती कापड आणलं आणि गणवेश पुन्हा शिवला, सगळ्या शिलाया बाहेरच्या अंगाला घेऊन, म्हणजे आत एकही कड अंगाला लागू नये. आयुष्यभर ज्यांनी शिलाई लपवायचं काम केलं, त्यांनी ती उघड्यावर घातली. शाळेत बाई म्हणाल्या, "गणवेश उलटा घातलायस."

"सुलटाच घातलाय बाई, उलटा शिवलाय," टाचणी म्हणाली.

दुकानात यावर आम्ही पुष्कळ हसलो. तीही हसली. अंगाला टोचणं त्याने थोडं कमी झालं, पण आतला दोरा तसाच ओढत राहिला.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला," काका काज करता करता म्हणाले. मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. आल्यावर त्यांनी ते बोलणं मला शब्दाला शब्द सांगितलं, कारण त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता आणि मला लागेल अशी त्यांची आशा होती.

"फोटो बघून म्हणाले, सगळं जागच्या जागी आहे. मी म्हटलं, मग दुखतं का? म्हणाले, यातून दुखायला नको. मी म्हटलं, पण दुखतंय. तर म्हणाले, काही मुलांचं रेंगाळतं. दुखण्याच्या वेगळ्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. आता तुम्हीच सांगा साहेब, दुखायला नको आणि रेंगाळतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?"

मी मान हलवली. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की तेरीज जुळली, जमा आणि नावे सारखे आले, म्हणजे आत चूक नाही असं समजू नये. पण ते वह्यांबद्दल होतं. पोरीच्या पाठीला ते कसं लावायचं?

दुखण्याच्या त्या डॉक्टरीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात बसत आणि त्यांच्याकडे नंबर मिळणं कठीण. वहिनींनी कामावरून सुट्या घेऊन, खिडकीपुढे उभं राहून तो मिळवला. बराच पुढचा मिळाला, पण मिळाला.

मास्तरांच्या डोक्यात मात्र डॉक्टरांचं पहिलंच वाक्य राहिलं होतं. यातून दुखायला नको. म्हणजे माप बरोबर आहे. आणि माप बरोबर असून आवळत असेल तर काय करायचं, हे त्यांना शिकवायला डॉक्टर नको होते.

ती दुपार मी पाहिली आहे. चहाचा कप माझ्या हातात होता. टाचणी शाळेतून आली, चेहरा उतरलेला. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांनी कमरेला बांधायला एक रुंद पट्टा दिला होता. त्याची गरज उरली नव्हती, तरी आधार वाटतो म्हणून ती शाळेत जाताना तो बांधायची.

"बाबा, आज पट्टासुद्धा सहन होत नाहीये."

मास्तरांनी पट्ट्यावरून हात फिरवला, आत दोन बोटं घालून पाहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काढून दे. पाच मिनिटं बस."

ते पडदा सारून आत गेले. इस्त्री टेबलावर दोनदा आपटली. कात्री चालली. टाचणी टेबलाला टेकून उभी होती आणि पडद्याकडे पाहत होती.

"आता बघ," मास्तर पट्टा झटकत बाहेर आले. "दोन ठिकाणी सैल केलाय."

तिने पट्टा बांधला. आरशापुढे उभी राहिली. उजवीकडे वळली, डावीकडे वळली. मास्तर तिच्या मागे उभे होते. ती आरशात बराच वेळ पाहत राहिली.

"हां," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मी कप खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर सगळ्यांना बिस्किटं मागवली. टाचणी आत अभ्यासाला गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पट्ट्याला बोटसुद्धा लावलं नाही, साहेब. नुसती फेरी." मग थोडं थांबून, "म्हणजे मनातच होतं ना?"

मलाही तसंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. समोर दिसत होतं.

काकांनी मात्र त्या दिवशी बिस्किट घेतलं नाही. सुईत दोरा ओवत म्हणाले, "गिऱ्हाईक घरचं असलं की फेरी मारू नये, मास्तर."

"का?"

"का ते मला सांगता येत नाही. मी काजं करतो."

त्यानंतर टाचणीने तक्रार केली नाही. रोज शाळेत जायला लागली. मास्तर बेतताना गुणगुणायला लागले. बहिणीला, चष्मेवाल्याला, दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगायला लागले की पोरगी एकदम ठीक झाली. आणि एक दिवस त्यांनी इस्पितळात फोन करून तो नंबर रद्द करून टाकला. वहिनींना सांगितलं नाही. नंतर सांगू, खूश होईल, असा त्यांचा बेत होता.

याच सुमारास आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी आणि घरच्यांनी मिळून ठरवलं की माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी कोट घालायचा. उभी नोकरी बिनकोटाची गेली, आता जाताना कोट कशाला, असं मी म्हणून पाहिलं. पण मास्तरांनी ऐकल्याबरोबर टेप काढली. "इतकी वर्षं माझा चहा प्यालात. आता अंगाला माझी सुई लागू द्या."

कच्ची शिलाई घालून कोट तयार झाला आणि एका दुपारी मी आरशापुढे उभा राहिलो. पडदा अर्धा उघडा होता. आत टाचणी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून गणितं सोडवत होती. खुर्ची मागेच होती, रिकामी. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

कोट सुरेख बसला होता. फक्त उजवा हात पुढे केला की मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथे, ओढल्यासारखं होत होतं.

"कसं वाटतंय?" मास्तरांनी विचारलं.

"मस्त. मला फेरी नको हं, मला सगळं ठाऊक आहे," मी गमतीने म्हणालो.

"तुम्हाला कशी चालेल? तुम्ही घरचे. फेरी चालली ती आमच्या टाचणीला." मास्तर हसले. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण आनंदाचा आवाज फारसा खाली येत नाही. "बरं, खरंच कुठे ओढत नाही ना?"

मी पुन्हा हात पुढे केला. ओढत होतं. पण त्यांनी टेप लावून पाहिली आणि माप अगदी बरोबर होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला ते सांगवेना.

"नाही," मी म्हणालो. "छान आहे. राहू दे असाच."

"साहेबकाका, खरं सांगा ना."

टाचणी पडद्यात उभी होती. हातात पेन्सिल.

"ओढतंय ना तुम्हाला?"

"अगं, तसं काही विशेष नाही."

"मीही असंच म्हणाले होते."

मास्तर तिच्याकडे वळले. "काय म्हणाली होतीस?"

"आता बरं वाटतंय, असं." ती रडत नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तशी सांगत होती. "बाबा, मी इथेच वाढले ना? फेरी मला माहीत नाही का? लहान असताना इस्त्री तर मीच आपटायचे."

"मग तू म्हणालीस का बरं वाटतंय म्हणून?"

"तुम्ही आरशात माझ्याकडे बघत होतात."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"तेव्हापासून?"

"थांबलंच नव्हतं. मधे मधे कमी होतं. आज बसताच येत नाहीये."

मास्तर माझ्याकडे वळले. मी तसाच, एका बाहीला टाचण्या लावलेला, आरशापुढे उभा. त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "साहेब, तुम्हाला ओढतंय?"

"ओढतंय," मी म्हणालो. "थोडं."

ते माझ्या मागच्या स्टुलावर बसले. मला वाटलं मुलीबद्दल काही बोलतील. पण ते म्हणाले, "म्हणजे ते सगळे... हां, आता कसं, म्हणणारे..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. इतक्या वर्षांचे कोट त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत, एकेक आवळणारा, आणि त्यातला माणूस हसून मान डोलावणारा.

"सगळे नाही हो," काका आतून म्हणाले. "काही काही." नेहमीचा टोमणा त्यात नव्हता.

संध्याकाळी वहिनी टाचणीला न्यायला आल्या तेव्हा मी ऑफिस बंद करून जिना उतरत होतो, आणि वरच्या पायरीपर्यंत त्यांचा आवाज येत होता.

"नंबर घालवलात? मला न विचारता?"

"मला वाटलं ती बरी झाली."

"तिने सांगितलं, की तुम्ही वदवून घेतलंत?"

"तिनेच सांगितलं गं."

"तुम्ही पट्टा खुंटीला टांगलात आणि तिने आपलं दुखणं टांगलं! पोर आहे ती. बापाचं तोंड बघून बोलते." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला तरी कुठे कळलं? मीही म्हणत होते, चला, सुटली एकदाची."

मी दुकानावरून न थांबता गेलो.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीपुढे मास्तर उभे राहिले. नवा नंबर पहिल्यापेक्षाही लांबचा मिळाला. मधल्या काळात टाचणीने निम्मी शाळा केली, निम्मी नाही. आता ती दुखतंय म्हणायची, आणि मास्तरांचे हात टेपकडे जायचे आणि परत यायचे. विश्वास ठेवायचा हे त्यांनी ठरवलं होतं. पण विश्वास ठेवून पुढे करायचं काय, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा मला म्हणाले, "साहेब, खोटं वाटत होतं तेव्हा निदान काम होतं."

इस्पितळात जायच्या दिवशी वहिनींना सुट्टी मिळेना, तेव्हा मास्तरांनी मला बरोबर चला म्हटलं. "तुम्ही शिकलेले. दोन प्रश्न नीट विचाराल." मी गेलो. मी एकही प्रश्न विचारला नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ढकललेल्या. फोटो त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला. मास्तर सांगायला लागले, "म्हणजे असं आहे की तिला डाव्या बाजूला..." तर त्यांनी हात वर केला.

"तिला सांगू द्या."

टाचणीने आधी बापाकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली आणि टेप नसलेल्या गळ्यापाशी हात नेला. मग ती बोलली. खूप बोलली. दोरा, कापड, वर्ग, चांगले दिवस आणि ते चांगले असल्यामुळे होणारी पंचाईत, सगळं. रात्री कूस कशी बदलायची याची तिने एक युक्ती शोधली होती. ती आम्ही कुणीच ऐकलेली नव्हती.

"हे खरं आहे," बाई तिला म्हणाल्या. "तू नाटक करत नाहीस, आणि हे नुसतं मनातही नाही. जखम भरली तरी नसा काही वेळा दुखण्याचे निरोप पाठवत राहतात. काही मुलांचं असं होतं."

"हिचंच का?" मास्तरांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"पण सगळं बरोबर बसलंय ना आत?"

"बसलंय."

"तरी दुखतंय."

"तरी दुखतंय."

मास्तरांनी बाजूला ठेवलेला फोटो पुन्हा उचलून पाहिला. "मग किती दिवसांनी..."

"कमी व्हावं असे प्रयत्न करू. बऱ्याच मुलांचं होतं. कधी, ते कबूल करत नाही." त्यांनी एक औषध दिलं, हळूहळू वाढवायचे व्यायाम दिले, शाळेसाठी चिठ्ठी दिली की हिला तासात उठून उभं राहू द्यावं. जाताना मास्तरांना म्हणाल्या, "दर वेळी काहीतरी करायलाच हवं असं नाही. ती सांगेल तेवढं ऐकून घ्या."

बसमध्ये टाचणी खिडकीशी उभीच राहिली. मास्तर माझ्या शेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ऐकून घ्या म्हणजे नक्की काय करायचं, साहेब?"

मी तिकिटाची घडी घालत राहिलो.

माझा कोट मधे तसाच पडून होता; परवा पुन्हा ट्रायल होती. मास्तरांनी मुंढा उसवून सैल केला होता, माप बरोबर असूनही. आता फेरी बंद आहे. गिऱ्हाईक "आवळतंय" म्हणालं की ते म्हणतात, "बोट ठेवून दाखवा," आणि दाखवलेल्या जागेकडे इतका वेळ बघत बसतात की गिऱ्हाईकच कावरंबावरं होतं. धंदा मंदावलाय, असं काका म्हणतात.

मी हात पुढे केला.

"ओढतंय?"

"अजून थोडं. आधीपेक्षा कमी, पण जागा बदललीय."

"असं कसं होईल?" ते पुटपुटले. बाहीला दोन टाचण्या लावल्या, तिसरी लावायला वाकले, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाबा, आज जास्त आहे. खालपर्यंत जातंय."

बाहेर बाकावर आणखी एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. पूर्वी टाचणी परक्या माणसासमोर असं कधी बोलली नसती.

मास्तरांनी टाचण्यांची डबी टेबलावर ठेवली. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग पडदा सारून आत गेले. "कुठून कुठपर्यंत?" असं त्यांनी विचारलेलं ऐकू आलं, आणि मग तिचं बोलणं, हळू, सलग. इस्त्री आपटल्याचा आवाज आला नाही.

बाकावरच्या माणसाने घड्याळ पाहिलं. "आत काय चाललंय?"

काका काजाचं काम घेऊन पुढच्या दाराशी येऊन बसले होते. आतल्या दोघांना खोली सोडून ते पहिल्यांदाच बाहेर आले असावेत. "बसा," ते म्हणाले. "वेळ लागेल."

"किती?"

काकांनी दोरा दाताने तोडला. मी एका बाहीला टाचण्या लावलेला तसाच आरशापुढे उभा राहिलो.